कोऱ्या फॉर्मवरची सही

ती घटना आठवली की आजही माझी मूठ आवळते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडलेली पाहिली. त्या त्या वेळी राग आला आणि आरोपपत्राचे चालान कोर्टात गेले की निवला. या प्रकरणात रक्ताचा थेंब सांडला नव्हता, कुलूप फुटले नव्हते, कुणी आवाजही चढवला नव्हता. तरी राग आहे तो आहेच. त्यातला बराचसा एका माणसावर आहे, उरलेला माझ्या स्वतःवर. नावे कुणाचीच घालत नाही. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील.

मध्यभारत राज्य होते तेव्हाची गोष्ट. इंदूरला राजवाड्याजवळच्या एका ठाण्यावर मी थानेदार होतो. एके दिवशी सकाळची हजेरी आटोपून मी रोजनामचा पाहत बसलो होतो, तेवढ्यात दारात टांगा थांबला. काखेत कुबडी धरून एक तिशीची बाई उतरली. पायऱ्या चढायला तिला वेळ लागला. शिपाई हात द्यायला पुढे झाला, तर तिने मानेनेच नको म्हटले.

ती एका सुभेदारांची मुलगी होती. संस्थानची फौज मोडली तेव्हा सुभेदारांना जी एकरकमी रक्कम मिळाली, तिचे त्यांनी परदेशीपुऱ्याकडच्या एका कापड मिलचे शंभर शेअर घेतले होते. पन्नास-पन्नासची दोन सर्टिफिकिटे. मुलीचा एक पाय लहानपणीच्या तापात गेलेला, लग्न झालेले नाही, भाऊ नाही. सुभेदार सगळ्यांना सांगत, माझ्यामागे हिला मिल पोसेल.

तिने पदराखालून मिलचे इंग्रजी पत्र काढले. शंभर शेअर दुसऱ्यांच्या नावावर करण्यासाठी आमच्याकडे आले आहेत, पंधरा दिवसांत तुमची हरकत आली नाही तर नाव बदलू, असा मजकूर होता.

"आम्ही शेअर विकलेच नाहीत," ती म्हणाली. "सर्टिफिकिटं रावसाहेबांच्या तिजोरीत आहेत. डिव्हिडंड तर पिछल्या दिवाळीपर्यंत बराबर घरी आला."

रावसाहेब म्हटल्यावर मी सावरून बसलो. संस्थानच्या खासगी कचेरीतले हे बडे निवृत्त अधिकारी. गणेशोत्सवाचे अध्यक्ष, शाळेच्या कमिटीवर, लग्नात आहेर वाचून दाखवायला हेच. शहरातल्या निम्म्या मराठी घरांची महत्त्वाची कागदपत्रे त्यांच्या तिजोरीत असत. बँकेपेक्षा लोकांचा त्यांच्यावर जास्त विश्वास होता.

मी म्हणालो, "बाई, ही दिवाणी बाब आहे. वकील पाहा. वडील का नाही आले?"

"बाबा नाहीच येणार. रावसाहेबांवर शक घेतला म्हणून काल त्यांनी जेवण केलं नाही." तिने पत्र पुन्हा माझ्यापुढे सरकवले. "पंधरातले नऊ दिवस गेले, थानेदार साहेब. रावसाहेबांच्या घरी तीन बार जाऊन आले. तिन्ही बार ते पूजेत होते. तुम्ही पण पूजेत असाल तर तसं सांगा, मी कोतवालीत जाते."

बोलणे झोंबले. खरे सांगायचे तर मी तिला वाटेला लावायच्याच विचारात होतो, आणि त्याचे कारण दिवाणी-फौजदारी हे नव्हते. समोरचे नाव मोठे होते. शेजारी लिहीत बसलेल्या मुंशीने माझ्याकडे पाहिले आणि न विचारताच रपट लिहायचे रजिस्टर उघडले.

मिलच्या कचेरीला नोंद थांबवण्याचे पत्र त्याच दिवशी दिले. दुसऱ्या दिवशी जाऊन, शेअर नावावर करण्यासाठी आलेले दोन्ही फॉर्म पंचांसमक्ष जप्त केले. दोन्हींवर सुभेदारांची मोडीतली सही, साक्षीदार म्हणून रावसाहेबांची इंग्रजी सही. एका फॉर्मवर घेणाऱ्याच्या जागी सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सबाईचे नाव होते, दुसऱ्यावर राजवाड्यामागच्या गल्लीतल्या एका दलालाचे.

दलाल म्हटल्यावर माझ्या डोक्यात सट्टा शिरला. इंदुरात तेव्हा कापसावर सट्टा, चांदीवर सट्टा, आभाळात ढग आला तर पाऊस पडेल की नाही यावरही सट्टा. दोन शिपाई घेऊन मी तणतणत गल्लीत गेलो. गादीवर एक वाळकासा म्हातारा सुपारी कातरत बसला होता.

"दरोगाजी, जूते बाहर," तो शांतपणे म्हणाला. "गादी है."

मी बूट काढले. पोलिसांना कुणी बूट काढायला लावत नाही, म्हणून हे लक्षात राहिले.

मी सट्ट्याचे नाव काढताच तो हसला. "सट्टेवाले सामने बैठते हैं, उधर जाओ. हम शेअर के दलाल. देखो, मिल ने शेअर एक बार बेचा, पैसा लिया, मशीनें लगा लीं. अब आपको घर में शादी है, पैसा चाहिए. मिल वापस देगी क्या? नहीं देगी. तो कोई दूसरा ढूँढो जिसको वोई शेअर चाहिए. उसको ढूँढना हमारा काम. सरकारी कर्जे के कागज भी ऐसेई फिरते हैं."

तासभर त्याने मला हा बाजार शिकवला. मिलच्या तिजोरीत या खरेदी-विक्रीतला एक पैसा जात नाही. कागद एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, पैसा उलटा येतो, आणि घेणारे जास्त की विकणारे जास्त यावर भाव ठरतो. मुंबईचा भाव दुपारी ट्रंककॉलने कळे आणि मग गल्लीला जाग येई.

आणि मग त्याने ती पद्धत सांगितली. शेअर विकायचा तर सर्टिफिकिटासोबत एक फॉर्म द्यायचा. त्यावर विकणाऱ्याची सही, साक्षीदाराची सही, आणि घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. घेणारा ती भरतच नसे. नाव घालून मिलच्या वहीत नोंद करायला शुल्क पडे. चार महिन्यांनी पुन्हा विकायचाच असेल तर खटाटोप कशाला? तो कोरा फॉर्म पाच-सहा हात फिरे. मिलच्या वहीत मात्र जुनाच मालक, डिव्हिडंडही त्याच्याच पत्त्यावर जाई. मग ज्याच्या हाती कागद, तो आपल्या दलालाला सांगे आणि दलाल विकणाऱ्याकडून तो डिव्हिडंड आणून देई.

म्हणजे सुभेदारांचे शेअर केव्हाच विकले गेले होते आणि घरी डिव्हिडंड येतो म्हणून सगळे निवांत होते. आता नर्सबाईने आणि दलालाने आपापल्या फॉर्मची कोरी जागा भरून ते मिलमध्ये टाकले, म्हणून पत्र निघाले.

"बेचे किसने?" मी विचारले.

"रावसाहब लाए थे. बोले, सुभेदार के हैं, वो खुद नहीं आते. रावसाहब की गवाही थी, तो हमने आगे क्या पूछना?" त्याने सौद्यांची चिठ्ठी काढली, आणि तिच्यामागून आणखी दोन चिठ्ठ्या. दोन दिवाळ्यांना बाजाराने डिव्हिडंड परत मागितला तेव्हा तो रावसाहेबांनी स्वतःच्या खिशातून भरला होता.

त्या दोन चिठ्ठ्या पाहिल्यावर माझा सगळा आदर उतरला. सुभेदारांनीच विकायला सांगितले असते तर डिव्हिडंड सुभेदारांनी परत केला असता. या गृहस्थाने तो गुपचूप भरला, कारण सुभेदारांना जाग येऊ द्यायची नव्हती. कुंपणानेच शेत खाल्ले होते आणि वर रोज त्याच शेताची राखण चालली होती.

मी रावसाहेबांच्या घरी गेलो. त्या दिवशी ते पूजेत नव्हते. "अरे, ये, बस," म्हणाले. "तुझे वडील माझ्याच कचेरीत कारकून. त्यांना मीच लावलं होतं, ठाऊक आहे ना?" चहा आला. मी, वर्दीतला अधिकारी, त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसलो. याचीही आज लाज वाटते.

"सुभेदारांनीच विका म्हटलं," ते म्हणाले. "म्हातारपण आहे, विसरले असतील."

"मग डिव्हिडंड तुम्ही का भरला?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. "गरिबाला मदत. मी बोलून दाखवत नाही." मग कप खाली ठेवून हसले. "अरे, एवढा कीस कशाला पाडतोस? सह्या दाखव त्यांना. त्यांच्या नसतील तर मला बेड्या घाल. आणि सुभेदार खोटं बोलणार नाहीत, एवढं मी लिहून देतो."

दुसऱ्याच्या सचोटीवर एवढ्या निर्लज्जपणे रेलून बसलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. दरोडेखोर निदान स्वतःच्या कुऱ्हाडीच्या जोरावर येतो.

सरकारी वकिलांनी कायदा समजावला आणि मला पेच कळला. सही खोटी असेल तर शेअर सुभेदारांचेच. कितीही हात फिरलेले असोत, मिलला त्यांचे नाव ठेवावे लागेल. सही खरी असेल तर रावसाहेबांवर विश्वासघाताचा खटला चालेल, पण शेअर गेले. ज्याने भरबाजारात पैसे मोजून, काही माहीत नसताना घेतले, त्याच्याकडून ते काढता येणार नाहीत. कोरा फॉर्म सही करून दुसऱ्याच्या हाती देणाऱ्याने तो धोका स्वतःच पत्करलेला असतो.

आता सगळे सुभेदारांच्या तोंडच्या एका शब्दावर होते.

सुभेदार ठाण्यात आले ते जुना फौजी कोट घालून. मुलीने कसे आणले तिलाच माहीत. टेबलावर फॉर्म ठेवण्याआधी मी शिपायाला बाहेर पाठवले, दार लोटले आणि नोकरीत कधी केले नव्हते ते केले.

"सुभेदारसाहेब, नीट ऐका. या सह्या तुमच्या नाहीत असं तुम्ही म्हणालात, तर शंभरच्या शंभर शेअर परत येतील. तुमच्या आहेत म्हणालात, तर गेले. मोडी आता कोण वाचतं? कोणी तुम्हाला खोटं पाडणार नाही."

त्यांनी कोटाच्या खिशातून चष्म्याची डबी काढली. मग चष्मा लावला आणि पहिला फॉर्म उचलला.

"ही माझी," ते म्हणाले.

"बाबा, पुन्हा एक बार बघा," मुलगी म्हणाली. ती कुबडी टेकत टेबलापाशी आली.

"बघितली, बाळ. रावसाहेब म्हणाले, वेळप्रसंगी विकायचे झाले तर धावपळ नको, आताच सही करून ठेवा. वरच्या अधिकाऱ्याने कागद पुढं केला की सही करायची, एवढंच आम्ही फौजेत शिकलो. वाचला नाही. पण सही माझी आहे." मग मला विचारले, "घेतले कुणी हे?"

"दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी."

"तिनं पैसे मोजले ना?"

"मोजले."

"मग मी तिला कसं लुटू? तुम्ही पोलीस ना? आणि हे तुम्ही मला शिकवता?"

मला असा संताप आला की सांगता येत नाही. त्यांच्यावर आला. मनात म्हटले, म्हाताऱ्या, तुझी लेक इथे कुबडीवर उभी आहे आणि तुला परक्या बाईची पडली आहे. त्या नर्सबाईचा तोवर मी विचारच केला नव्हता. फॉर्मवर तिचे नाव वाचले होते, इतकेच.

त्यांनी दुसरा फॉर्म घेतला. पाहिला, पुन्हा पाहिला, उठून खिडकीशी नेला.

"ही माझी नाही."

मी दचकलो. आता हे मुलीसाठी खोटे बोलतात की काय असे वाटले. त्यांनी बोट ठेवले. "मोडीत रेघ आधी ओढतात. मग अक्षरं तिच्याखाली लावत जातात. गुरुजींनी छड्या मारून शिकवलं आहे, मेलो तरी हात उलटा चालणार नाही. इथं अक्षरं आधी आहेत, रेघ वरून फिरवली आहे. शाई पसरली बघा."

मी भिंग आणले. जिथे रेघ अक्षराला भिडत होती तिथे ओल्या शाईवरून टाक गेल्याचा डाग होता, एकदा नव्हे, चार ठिकाणी. पहिल्या फॉर्मवर एकही नाही. रावसाहेब इंग्रजी शाळेत शिकलेले. मोडी त्यांना वाचता येई, पण सही उतरवताना हाताने आपली बाळबोध लिहिण्याची सवय, आधी अक्षर आणि मग रेघ, सोडली नाही. मिलच्या कारकुनाने नमुन्याशी आकार ताडून पाहिला होता. आकार हुबेहूब होता.

संध्याकाळी मी रावसाहेबांना ठाण्यात आणले. या वेळी ते उभे होते आणि मी बसलो होतो. त्यांनी माझ्या वडिलांचे नाव पुन्हा काढले. मी म्हणालो, "ते कारकून होते, पण त्यांनी कुणाची सही केली नाही." मग भिंगाखाली फॉर्म धरला आणि डिव्हिडंडच्या चिठ्ठ्या शेजारी मांडल्या.

त्यांनी चिठ्ठ्या उलटूनपालटून पाहिल्या. शेवटी म्हणाले, "मी परत ठेवणारच होतो." भाव चढलेला असताना पहिले पन्नास विकले, तो उतरला की तितकेच स्वस्तात घेऊन तिजोरीत टाकायचे आणि मधला फायदा आपला, हा त्यांचा हिशोब. भाव उतरलाच नाही, चढत गेला. चढ्या भावाने आणखी विकून तूट भरून काढू म्हणून दुसरे सर्टिफिकीटही बाजारात काढले. तेव्हा सुभेदारांपुढे पुन्हा कागद ठेवायचे धाडस झाले नाही, म्हणून सही स्वतः केली.

"एकदा भाव पडला असता तर कुणाला कळलंही नसतं," ते म्हणाले. आवाजात पश्चात्ताप नव्हता, बाजाराविषयी तक्रार होती. त्यांना कोठडीत घालताना मी शिपायाला खुर्ची काढून घ्यायला सांगितले. नियमात तसे काही नाही. रागाने केले, आणि त्याचे मला अजिबात वाईट वाटत नाही.

दलालाला बोलावून दुसरा फॉर्म बनावट निघाल्याचे सांगितले. त्याने ते पन्नास शेअर स्वतःसाठी ठेवले होते, म्हणजे खड्डा त्यालाच पडला. मला वाटले, आता आरडाओरडा करील. तो म्हणाला, "खोटा कागज हमने लिया, तो नुकसान हमारा. रावसाहब का मुँह देखा, कागज नहीं देखा. कल फिर इसी गल्ली में बैठना है, दरोगाजी." आणि मान हलवत गेला. ज्याला मी सट्टेबाज समजून धरायला गेलो होतो तो हा, आणि ज्याच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसलो होतो तो तसा.

खटला चालला. बचावाच्या वकिलाने सुभेदारांना पिंजऱ्यात घाम फोडायचा प्रयत्न केला. शेअर परत मिळवायचे म्हणून तुम्ही सही नाकारता, असा सरळ आरोप केला. तेव्हा न्यायाधीशांनी त्याला थांबवले. जो माणूस स्वतःचे पन्नास शेअर बुडत असताना पहिली सही माझी म्हणतो, त्याने दुसरी नाकारली तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार, असे ते म्हणाले. हस्ताक्षरतज्ज्ञाचा अहवाल होताच, पण माझ्या मते निकाल तिथेच लागला.

मी मागच्या बाकावर बसलो होतो. माझे कान तापले. मी सांगितले होते तसे सुभेदार बोलले असते, तर पहिल्या सहीवर तज्ज्ञाने त्यांना खोटे पाडले असते आणि दुसऱ्या सहीवर त्यांचे कुणी ऐकले नसते. मी त्यांचे शंभर वाचवायला निघालो होतो आणि शंभरही घालवून बसलो असतो. आणि खोटे खपले असते, तर एका नर्सबाईची पुंजी बुडाली असती. तिला हे कधीच कळले नाही.

रावसाहेबांना शिक्षा झाली. शहरातल्या आमच्या लोकांत काही दिवस हळहळ चालली, ती कुणासाठी? त्यांच्यासाठी! एवढा मोठा माणूस, एवढ्याशा कागदापायी. मला भर लग्नात एकाने विचारले, "आपसात मिटवता आलं नसतं का?" मी पानावरून उठून आलो.

पन्नास शेअर परत आले, पन्नास गेले. अर्ध्या डिव्हिडंडवर त्या मुलीचे कसे निभणार, हा प्रश्न कोर्टाने सोडवला नाही. तो तिने सोडवला. त्याच दलालाकडे ती सौद्यांचे इंग्रजी कागद वाचून द्यायला जाऊ लागली. म्हातारा तिला 'बेटा' म्हणे आणि कुबडी मात्र बाहेर ठेवायला लावत नसे.

निकालानंतर काही आठवड्यांनी बापलेक ठाण्यात आले. सुभेदारांनी परत मिळालेले पन्नास शेअर मुलीच्या नावावर करायचे ठरवले होते. तसाच कोरा फॉर्म टेबलावर आला. मी सवयीने टाक त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मुलीकडे सरकवला.

"आधी तुझं नाव लिही," ते म्हणाले. "जागा भर. मग मी सही करीन."

तिने नाव लिहिले. त्यांनी फॉर्म ओळ न् ओळ वाचून घेतला, दोनदा. मग आडवी रेघ ओढली आणि तिच्याखाली सावकाश अक्षरे लावली. मी शाई वाळू दिली.

साक्षीदाराची जागा राहिली होती. त्यांनी फॉर्म माझ्यापुढे केला आणि चष्म्यावरून पाहिले.

"तुम्ही करा, थानेदार साहेब. पण कधी कुणी विचारलं तर खरं सांगाल ना?"

त्यांची मुलगी हसली. मी नाही हसलो. "सांगेन," म्हणालो आणि सही केली.